पानातलं डावं-उजवं

आजोळच्या ओसरीवर पंगत बसली होती आणि मला आयुष्यात पहिल्यांदा वाढायला घेतलं होतं. वय दहा. काम कोशिंबिरीचं, कारण पातेलं लहान आणि सांडली तरी नुकसान थोडं. पहिल्या पानासमोर वाकलो, डावीकडे चमचाभर कोशिंबीर वाढली आणि पुढे सरकलो. चौथ्या पानाशी मामीने मागून खांदा धरला.

"डावीकडे वाढायची रे."

"डावीकडेच वाढतोय."

"तुझ्या डावीकडे. जेवणार कोण, तू की ते?"

वाढपी जेवणाऱ्याच्या समोर उभा असतो. त्याचं डावं ते जेवणाऱ्याचं उजवं. त्यामुळे वाढायला शिकायचं म्हणजे आधी आपला हात उलटा चालवायला शिकायचं. दोन-तीन पंगतींत हाताला ते वळण पडतं. मनाला पडायला फार वेळ लागतो, काहींना जन्मभर पडत नाही. रसग्रहण एरवी कवितेचं करतात. इथे मला ते 'औचित्य' या एका शब्दाचं आणि त्याच्या गणगोताचं करायचं आहे, आणि माप म्हणून हाताशी मामीचा तो प्रश्नच ठेवायचा आहे.

आधी पान पाहू. वर मधोमध मीठ. त्याच्या डाव्या अंगाला लिंबाची फोड, चटणी, लोणचं, कोशिंबीर. उजव्या अंगाला भाज्या आणि आमटी. खाली मध्यावर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तुपाची धार. डावी बाजू चवीपुरती, उजवी पोटापुरती. जेवणारा उजव्या हाताने जेवतो, म्हणून ज्याला वारंवार हात लागायचा ते उजवीकडे. या सगळ्यात टाकाऊ असा एकही पदार्थ नाही. लोणचं वाईट नसतं, पण ते भाजीच्या जागी आणि भाजीएवढं वाढलं की पान बिघडतं. चांगलं काय आणि वाईट काय हा प्रश्न पान वाढताना पडतच नाही. प्रश्न असतो तो चांगल्याच्या जागेचा आणि मापाचा. औचित्य सुरू होतं ते इथे.

हीच गोष्ट काश्मीरच्या क्षेमेंद्राने अकराव्या शतकात दागिन्यांच्या भाषेत सांगितली. 'औचित्यविचारचर्चा' या आपल्या ग्रंथात तो म्हणतो की कमरपट्टा गळ्यात घातला, हार कमरेला बांधला, पैंजण हातात आणि बाजूबंद पायात अडकवला, तर कोणाचं हसं होणार नाही? एवढ्यावर थांबला असता तर ती नटण्यामुरडण्याची सूचना ठरली असती. पण त्याच दमात तो दागिन्यांवरून गुणांवर येतो. जो वाकून शरण आला आहे त्याच्यावर पराक्रम गाजवणारा आणि शत्रूपुढे दया घेऊन उभा राहणारा, हेही तसेच हास्यास्पद. शौर्य आणि करुणा यांना आपण डोळे मिटून चांगलं म्हणतो. क्षेमेंद्र त्यांनाही पानात जागा नेमून देतो. सद्गुणसुद्धा चुकीच्या ठिकाणी वाढला तर मनगटातलं पैंजणच.

त्याच्या आधी नवव्या शतकात आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त रसभंगाचं एकच कारण दाखवून ठेवलं होतं, ते म्हणजे अनौचित्य. क्षेमेंद्राने तो धागा उचलून औचित्य तपासायच्या 27 जागा मोजल्या. यादी पद, वाक्य यांपासून सुरू होते, वाटेत उपसर्ग, निपात, देश, काल, स्वभाव, अवस्था असं करत शेवटी नाम आणि आशीर्वादापाशी येऊन थांबते. एवढासा उपसर्गही जागा चुकू शकतो आणि आशीर्वादही चुकीचा देता येतो, हे त्याने एकाच रांगेत बसवलं. कालिदासालाही त्याने सूट दिली नाही. याच माणसाने 'चारुचर्या' हे चांगल्या वागणुकीचं छोटं पुस्तक लिहिलं आणि 'नर्ममाले'त कायस्थ कारकुनांची यथेच्छ टवाळीही केली. कविता, वागणूक आणि विनोद ही त्याच्या लेखी तीन वेगळी खाती नव्हती. जागा चुकली की कवितेत रसभंग होतो, वागण्यात अपमान होतो, आणि लांबून पाहणाऱ्याला हसू येतं.

आता शब्दाचं पोट उघडू. 'औचित्य' हे 'उचित'चं भाववाचक नाम, आणि 'उचित' आला 'उच्' धातूपासून. धातुपाठात त्याचा अर्थ समवाय, म्हणजे एकत्र येणं, असा दिला आहे. वैदिक भाषेत तो रमणं, सवयीचं होणं, आवडणं या अर्थांनी दिसतो. म्हणजे 'उचित' या शब्दात मुळात हुकूम नाही, रमणं आहे. याच धातूचं आणखी एक अपत्य म्हणजे 'ओकस्', अर्थात घर, राहण्याची जागा. देवांना 'दिवौकस्' म्हणतात ते त्यांचं घर स्वर्गात म्हणून. उचित आणि घर ही सख्खी भावंडं आहेत हे कळलं तेव्हा मला ओसरीवरच्या त्या पंगतीची आठवण झाली. जिथे समोरच्याला घरच्यासारखं वाटतं तिथलं वागणं उचित. शब्दाच्या जन्मापासूनचाच हा अर्थ आहे. नियमांची पुस्तकं मागाहून आली.

'सभ्य' घराबाहेर राहतो. सभेत शोभतो तो सभ्य; चार माणसांत बसता येणं ही त्याची मूळ पात्रता. 'शिष्ट'ची गंमत निराळी. 'शास्' म्हणजे शिकवणं, वळण लावणं. त्यावरून झालेला शिष्ट म्हणजे शिकलेला, वळणाचा. पण 'शिष्', म्हणजे उरणं, या धातूचंही रूप 'शिष्ट'च होतं, आणि त्याला 'उद्' लागून झालेलं 'उच्छिष्ट' मराठीत येता येता 'उष्टं' झालं. धातू दोन, चेहरा एक. शिष्टाचार शिकवणाऱ्या घरात सगळ्यात जास्त ओरडा कशावरून बसायचा आठवा: उष्टा हात, उष्टा चमचा, उष्टं पाणी. आणि आपल्याकडे एखाद्याला नुसतं 'शिष्ट' म्हटलं की ती स्तुती राहत नाही. "फार शिष्ट आहे हो," म्हणजे नाक वर करून चालणारा. मराठीने संस्कृतातला मान्यवर शब्द घरी आणला आणि तो आखडला आहे हे ओळखून त्याचे कान उपटले.

'शिस्त' मात्र या 'शास्'ची कोणी नव्हे, दिसायला असली तरी. ती फारसीतून आली, आणि तिथे तिचा संबंध नेमाशी. बंदुकीची शिस्त धरणं म्हणजे नेम धरणं. मग सरळ रेषा, मग रांग, मग आजची शाळेतली शिस्त. औचित्याच्या मुळाशी घर, शिस्तीच्या मुळाशी नेम. दोन्हींची गरज पडते, पण एकीचं काम दुसरीला सांगू नये. ज्या घरात प्रत्येक पाहुण्यावर शिस्त धरलेली असते तिथे कोणाचा घास घशाखाली उतरेल?

'अदब' अरबीतून आला आणि येताना आश्चर्य घेऊन आला. अरबीत अदब म्हणजे रीतभात आणि अदब म्हणजेच साहित्यही. आपल्याकडेही तसंच घडलं आहे. 'रीत' म्हणून आपण जी लग्नाकार्यात पाळतो, तिचं संस्कृत रूप 'रीति', आणि काव्यशास्त्रकार वामनाने त्या रीतीलाच काव्याचा आत्मा म्हटलं. रीतीच्या मुळाशी वाहण्याचा अर्थ आहे, प्रवाहाचा. बोलण्याचं सौष्ठव आणि वागण्याचं सौष्ठव यांना एकाच शब्दात ठेवावं असं इतक्या दूरदूरच्या लोकांना वाटलं, यात काहीतरी खरं असलं पाहिजे.

हे झाले पंडितांचे आणि दरबारचे शब्द. स्वयंपाकघरात आणि ओट्यावर चालतात ते वेगळे. मामीच्या तोंडी औचित्य हा शब्द मी कधी ऐकला नाही. तिचा शब्द होता 'पोच'. "काही पोच म्हणून आहे का त्या पोराला?" पूर्ण रूप 'पाचपोच'. पत्र मिळालं की कळवायचं त्यालाही आपण पोच देणंच म्हणतो. शब्दकोशात या दोन पोचांचं नातं काय आहे ते असो, माझ्या कानात ते जुळून गेलं आहे. समोर दुःखात बसलेला माणूस म्हणजे आलेलं पत्र. ते आपल्याला मिळालं आहे हे ज्याच्या चेहऱ्यावर, आवाजात, खुर्ची ओढण्याच्या बेतात दिसतं त्याला पोच आहे. ज्याने पत्र उघडलंच नाही तो मयताच्या घरी जाऊन चहात साखर कमी असल्याचं सांगतो.

'तारतम्य' हा शब्द विद्वान वाटतो, पण त्याची घडण पाहण्यासारखी आहे. संस्कृतात 'लघुतर', 'लघुतम' होतात ते तर-तम प्रत्यय आहेत ना, ते दोघेच एकत्र येऊन हा शब्द झाला. अधिक आणि सर्वाधिक यांतला फरक कळणं म्हणजे तारतम्य. ज्याला सगळंच सारखंच महत्त्वाचं वाटतं त्याला ते नाही. 'आगाऊ' त्याहून मजेदार. आगाऊ रक्कम सगळ्यांना हवी, आगाऊ पोरगं कोणालाच नको. शब्द तोच, वेळेच्या आधी येणं हेही तेच. पैसा आधी आला तर सोय होते, बोलणं आधी आलं तर पंचाईत. क्षेमेंद्राच्या यादीतलं 'काल' मराठीने असं एका विशेषणात बसवून टाकलं.

'भीड' हा आणखी एक खास आपला शब्द. पुष्कळदा ती सद्गुणात मोजली जाते, 'भीडमुर्वत' म्हणून जोडीनेही येते. पण त्याच भाषेने 'भीड भिकेची बहीण' असंही बजावून ठेवलं आहे. कोणाचं मन मोडू नये म्हणून जामीन राहिलेल्या माणसाला ही म्हण समजावून सांगावी लागत नाही. इथे औचित्याची दुसरी बाजू लागते. समोरच्याच्या बाजूने डावं-उजवं ओळखायचं याचा अर्थ आपलं पान त्याच्यापुढे सरकवून द्यायचं असा नाही.

बोलण्यातलं औचित्य पाहायचं तर निरोपाचा शब्द घ्या. मराठी माणूस उंबऱ्याशी उभा राहून 'जातो' म्हणत नाही. तो म्हणतो 'येतो'. आणि कोणी लहान मूल 'जातो' म्हणालंच तर घरातून दुरुस्ती होते, "जातो नाही, येतो म्हणावं." खरं तर तो जातोच आहे, चपला पायात आहेत. पण 'जातो' हे त्याच्या बाजूचं वर्णन झालं. मागे राहणाऱ्याला दिसते ती पाठ. 'येतो' म्हणताना तो क्षणभर मागे राहणाऱ्याच्या जागी उभा राहतो आणि तिथून स्वतःला परत येताना पाहतो. कोशिंबीर वाढताना हात उलटा चालवावा लागतो, इथे क्रियापद. दिवा विझवत नाहीत, मालवतात. बांगडी फुटली असं न म्हणता वाढवली म्हणतात. देवापुढे नारळही वाढवायचा. आणि पानात जे घालतात तेही वाढायचं. तुटणं, फुटणं, संपणं यांच्या तोंडावर वाढीचं नाव ठेवण्याची ही युक्ती खोटं बोलण्याची नव्हे. बांगडी फुटल्याचं सगळ्यांनाच दिसत असतं. ज्या मनगटावरची ती फुटली त्या बाईच्या कानाला काय लागेल, याचा विचार क्रियापद निवडण्याआधी झालेला असतो.

जुन्या पत्रांचे मायने हा तर औचित्याचा पाठच होता. आईवडिलांना 'तीर्थरूप', इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', लहानांना 'चिरंजीव'. मग 'कृ. सा. न. वि. वि.', म्हणजे कृतानेक साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि वरून खाली येताना 'अ. उ. आ.', अनेक उत्तम आशीर्वाद. आद्याक्षरांच्या त्या ठिपक्यांत साष्टांग नमस्कार कसाबसा आडवा पडलेला असायचा. शाळेत आम्ही ते पाठ केले, मार्क मिळवले आणि विसरलो. पण मायना लिहिताना एक गोष्ट व्हायची. मजकूर सुचण्याआधी ज्याला लिहायचं तो कोण, हे ठरवावं लागायचं. आज मोबाइलवर चाळीस जणांच्या गटात निधनाची बातमी येते आणि खाली कोणाचा तरी अंगठा उमटतो. अंगठा देणारा दुष्ट नसतो. 'वाचलं' एवढंच त्याला म्हणायचं असतं. ते समोरून कसं दिसेल हे त्याने पाहिलेलं नसतं. त्याने त्याच्या डावीकडे वाढलं.

इथवर हे ताट गोड लागलं. आता कडू भाग. याच पंगतीने मराठीला आणखी दोन शब्द दिले आहेत. एक 'डावं-उजवं करणं', म्हणजे माणसामाणसांत भेद करणं. दुसरा 'पंक्तिप्रपंच', एकाच पंगतीत एकाला तुपाची धार आणि दुसऱ्याला थेंब. पदार्थांना डावं-उजवं असावं, त्यात रस आहे. माणसांना डावं-उजवं लावलं की तोच रस नासतो. आणि आपल्या समाजाने औचित्याच्या नावाखाली शतकानुशतकं नेमकं हे दुसरं काम केलं. 'पायरी' हा शब्द त्यातलाच. "पायरी ओळखून राहा" हे वाक्य पायरीवर उभं राहून कधी कोणी म्हटलेलं नाही, ते नेहमी ओसरीवरून खाली म्हटलं गेलं.

साधा नमस्कारसुद्धा पायरीप्रमाणे वाटलेला होता. कोणी नमस्कार म्हणायचं, कोणी रामराम, आणि महार समाजाच्या माणसाने अंतरावरून जोहार घालायचा. ज्याने तो घालायचा त्याच्या बाजूने तो कसा आहे हे विचारण्याची पद्धतच नव्हती. पुढे 'जय भीम' आला. त्या अभिवादनाची भाषिक करामत अशी की ते म्हणणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला एकाच उंचीवर उभं करतं. उत्तरही तेच, तेवढंच.

घर आणि उचित ही भावंडं असल्याचं कोणत्याही व्याकरणाचा आधार न घेता दाखवलं ते जोतीराव फुल्यांनी. 1868 साली पुण्यात त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. तेव्हाच्या शिष्टांच्या हिशेबात ते घोर अनुचित होतं. महाडचं उदाहरण तर त्याहून बोलकं. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात 1923 मध्ये मंजूर झालेला होता. नियम बदलला होता, रीत बदलली नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. त्यानंतर परतीच्या तयारीत असलेल्या, काही जेवत असलेल्या लोकांवर मांडवात हल्ला झाला. अन्न मातीत गेलं. पुढे तळ्याचं शुद्धीकरण करण्यात आलं. जेवत्या माणसाला उठवू नये हा या मुलखातला लहानात लहान मुलाला माहीत असलेला शिष्टाचार. तो मोडून जे वाचवलं त्याला त्या हल्लेखोरांनी रीत म्हटलं. शब्द कितीही जुना आणि रसाळ असला तरी तो कोणाच्या बाजूने मोजला जातो आहे हे दर वेळी पाहावं लागतं ते यासाठी.

पुन्हा आजोळच्या ओसरीवर येतो. पानं वाढून झाली, भातावर तूप पडलं, की आजोबा पंगतीच्या टोकाशी उभे राहायचे आणि हात जोडून म्हणायचे, "सावकाश होऊ द्या." मग पहिला घास. या 'सावकाश'चा अर्थ आपण हळू असा करतो, पण त्याच्या पोटात 'अवकाश' आहे. स-अवकाश, मोकळ्या जागेसह. यजमान म्हणतो की तुमच्यासाठी इथे जागा आहे, वेळही आहे, मागचा कोणी तुमच्या उठण्याची वाट पाहत नाही. उचितच्या पोटात घर आणि सावकाशच्या पोटात अवकाश. यजमानपणाचं सगळं शास्त्र त्या तीन शब्दांत आटोपत असे.

पहिली पंगत पुरुषांची, दुसरी मुलांची. दुपारी तीनच्या सुमारास, खरकटी काढून जमीन सारवून झाल्यावर, मामी, आजी, शेजारच्या दोघी आणि सकाळपासून चुलीशी असलेली एक म्हातारी बाई मागच्या पडवीत भिंतीला टेकून बसायच्या. पानं मांडलेली नसायची. पातेली मधे, आणि जिच्या-तिच्या ताटात जिच्या-तिच्या हाताने. भाजी संपलेली, तळाशी रस्सा, कोशिंबिरीचं पाणी झालेलं. मामीच्या ताटात लोणचं, भात, आमटी सगळं एकमेकांत गेलेलं असायचं. पदार्थांचा तो नकाशा तोंडपाठ असलेली बाई डावं-उजवं न पाहता जेवायची, कारण वाढायला तिच्या समोर कोणी उभंच नव्हतं. टोकाशी येऊन हात जोडणारंही कोणी नव्हतं, आणि घासायची भांडी विहिरीपाशी वाट पाहत होती. मी पाणी प्यायला म्हणून तिथून गेलो, हातात रिकामं कोशिंबिरीचं पातेलं होतं. ते भांड्यांच्या ढिगात ठेवलं आणि खेळायला गेलो.